बोट नेमकं काय करतं? खेळण्यातल्या पियानोपासून केलेल्या आठ स्टेपच्या सिक्वेन्सरची गोष्ट

पार्श्वभूमी

मी पुण्यात राहतो, नोकरी इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सची, आणि घरी गॅलरीत एक टेबल आहे ज्यावर बायकोच्या मते भंगार आणि माझ्या मते सामान पडलेलं असतं. शेजारच्या सोसायटीतली एक मुलगी कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये साऊंड बघते. तिला इथे सायली म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. एका रविवारी ती हातात एक प्लास्टिकचा छोटा पियानो घेऊन आली, तोच तो, आठ रंगीत पट्ट्या, खाली गाय, बेडूक, कोंबडा, कुत्रा असली चार बटणं, अजून चार बटणं तालाची आणि डेमो गाण्यांची. जुन्या बाजारातून दीडशे रुपयांना आणलेला.

"काका, हा आपोआप वाजायला हवा. पण गाणं नको, तुकडे हवेत, आणि स्टेजवर आमच्या आजोबाने वायरी बदलल्या की तुकडे बदलले पाहिजेत."

आजोबा म्हणजे एकांकिकेतला आजोबा. गोष्ट खेळणी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची, त्याने उघडलेलं एक खेळणं स्वतःच्या मनाने वाजायला लागतं वगैरे. स्पर्धेची पहिली फेरी सव्वीस दिवसांवर होती.

तिने सर्किट बेंडिंगचे व्हिडिओ बघितले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बॅटरीवर चालणारं आवाजाचं खेळणं उघडायचं, आतल्या सर्किटच्या पट्टीवरचे कुठले तरी दोन पॉइंट वायरने जोडायचे, आणि बनवणाऱ्याच्या डोक्यातही नसतील असे आवाज काढायचे. हे नाव अमेरिकेतल्या रीड गझाला या माणसाने १९९२ मध्ये दिलं, पण त्याला हा शोध लागला साठच्या दशकात, ड्रॉवरमध्ये उघडा पडलेला खेळण्यातला अॅम्प्लिफायर आतल्या धातूला चिकटून शॉर्ट झाला आणि किंचाळायला लागला तेव्हा. म्हणजे हा सगळा उद्योगच मुळात पसाऱ्यातून सुरू झालाय, हे मी बायकोला आवर्जून सांगितलं. फरक पडला नाही.

अडचण काय होती

वरवर बघता सोपी. खेळण्यात पट्ट्या आहेत, पट्टी दाबली की आवाज येतो, मग पट्ट्या ठरलेल्या क्रमाने दाबणारं काहीतरी पाहिजे. त्यालाच सिक्वेन्सर म्हणायचं. आठ घरं, एका घरातून दुसऱ्या घरात ठेक्यात पुढे जायचं, ज्या घराला जो आवाज जोडला असेल तो वाजवायचा, आठव्यानंतर परत पहिलं.

खरी अडचण ही की खेळण्याच्या आत काय आहे ते कुणीच सांगत नाही. आतली चिप म्हणजे पट्टीवर ओतलेला काळा थेंब, त्यावर ना नंबर ना नाव, डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, मिळण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे खेळण्याला जे काही सांगायचं ते बाहेरून, त्याच्याच भाषेत, म्हणजे बोटाच्या भाषेत सांगावं लागतं. हे मला तेव्हा इतकं स्पष्ट कळलं नव्हतं, आठवडाभर डोकं आपटल्यावर कळलं.

बाकी अटी: मेन्सची वीज अजिबात नको (स्टेजवर उघडं सर्किट, अभिनेत्याचे घामट हात, त्यामुळे फक्त सेल), खर्च दोन हजारांच्या आत, आणि नाटकात दिसणार असल्यामुळे ते हाताने केलेलं वाटलं पाहिजे.

कुठले पर्याय होते

पहिला, लॅपटॉप. आवाज रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरमध्ये लावायचे आणि विंगेतून कुणीतरी क्यू द्यायचा. सगळ्यात सेफ. सायली म्हणाली, "मग आजोबा नुसती अॅक्टिंगच करणार ना? प्रेक्षकांना कळतं काका." मला वाटतं नाही कळत, पण नाटक तिचं होतं.

दुसरा, आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड. आठ पिना, चार ओळींचा प्रोग्राम, पॅटर्न मेमरीत. हा पर्याय मी जरा घाईने बाजूला टाकला, त्याबद्दल पुढे बोलतो. कारण हे होतं की वायर उपसून दुसरीकडे लावली की आवाज बदलला पाहिजे, आणि हे सर्किटमध्ये आपोआप मिळतं, प्रोग्राममध्ये मुद्दाम घालावं लागतं. शिवाय बिघडलं तर ग्रुपमध्ये प्रोग्राम बघणारं कुणी नाही, सोल्डर मारणारी सायली मात्र आहे.

तिसरा, जुन्या पद्धतीचा, ४०१७ आयसीचा, म्हणजे त्या नंबरच्या चिपचा. हा दहापर्यंत मोजणारा सीमॉस (कमी वीज खाणाऱ्या जातीचा) काउंटर, क्लॉकचा, म्हणजे ठेका देणाऱ्या सर्किटचा, प्रत्येक ठोका आला की दहा आउटपुटपैकी पुढचं एक हाय होतं, म्हणजे त्यावर व्होल्टेज येतं. आपल्याकडे डिप्लोमाच्या पोरांनी धावते दिवे करायला हा लाखोंनी वापरलाय, गणपतीच्या डेकोरेशनमध्ये तर विचारू नका. परदेशात हौशी लोक यावर सिक्वेन्सर करतात, दहा स्टेपचा म्हणून त्याला बेबी टेन म्हणतात. नववं आउटपुट, म्हणजे ९ नंबरची पिन, रीसेटला, म्हणजे मोजणी परत पहिल्यावर नेणाऱ्या १५ नंबरला जोडलं की दहाऐवजी आठवर वळतो.

तिसरा घेतला.

पहिला निर्णय, आणि पहिलं खेळणं गेलं

इथे आम्ही चूक केली आणि ती सगळ्यात महाग पडली, पैशाने नाही, दिवसांनी.

क्रम असा पाहिजे होता: खेळणं उघडा, कुठलं बटण कुठल्या ट्रॅकवर जातं ते मल्टिमीटरच्या बीपवर (दोन पॉइंट जोडलेले असले की तो वाजतो) शोधून कागदावर काढा, मग बाकीचं. आम्ही काय केलं, तर खेळणं उघडलं आणि मजा करायला लागलो. आणि मजा होतीही. चिपच्या शेजारी एक छोटा रेझिस्टर असतो जो आतल्या क्लॉकचा स्पीड ठरवतो, त्याच्या दोन टोकांना ओलं बोट लावलं की गाय एकदम उंदरासारखी ओरडते, बोट काढलं की परत गाय. सायली तासभर हसत होती. मी चहा करायला आत गेलो तेवढ्यात तिने वायरचं एक टोक सेलच्या प्लसला लावून दुसरं टोक चिपच्या भोवती फिरवलं. चौथ्या का पाचव्या पॉइंटला खेळणं गप्प झालं ते झालंच. सेल काढले, घातले, रात्रभर ठेवलं, काही नाही.

चूक तिची नाही म्हणणार, माझी. बेंडिंगमध्ये पॉइंट जोडायचे ते सिग्नलचे एकमेकांना, पॉवरची लाईन दोन्ही बाजूंनी मार्करने रंगवून ठेवायची आणि तिकडे फिरकायचं नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला पाहिजे होतं.

जुना बाजार बुधवार आणि रविवार. बुधवारी ती परत गेली आणि हुबेहूब तसाच पियानो घेऊन आली, तोच रंग, तोच बेडूक. उघडला तर आत पट्टीच वेगळी. साचा एक, माल वेगळा. पहिल्यावर जे काही थोडंफार शोधलं होतं (क्लॉकचा रेझिस्टर कुठे, स्पीकरच्या वायरी कुठल्या) ते सगळं रद्दी. सव्वीसपैकी आठ दिवस गेले होते.

या वेळी मात्र नकाशा आधी. रबरी पॅड काढले, खाली कार्बनचे काळे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन ट्रॅक. दोन तास बीप बीप करून कळलं की सोळा बटणांना सोळा वायरी नाहीयेत, चार आडव्या आणि चार उभ्या लाईन आहेत, आणि प्रत्येक बटण म्हणजे एक आडवी आणि एक उभी यांची गाठ. पहिल्या ओळीत सा रे ग म, दुसऱ्या ओळीत प ध नि आणि वरचा सा, तिसऱ्यात प्राणी, चौथीत ताल आणि डेमो. चिप या लाईनी एकामागून एक तपासत बसते, कुठली गाठ जुळली ते बघते आणि तो आवाज काढते.

दुसरा निर्णय: गाठ मारायची कशाने

४०१७ चं आउटपुट थेट बटणाला जोडून चालत नाही, कारण बटण म्हणजे व्होल्टेज देणं नाही, दोन लाईनी एकमेकींना जोडणं आहे. रिले (विजेने चालणारे यांत्रिक स्विच) लावता आले असते, पण त्यांनी सेल लवकर संपवले असते, शिवाय टकटक आवाज. ट्रान्झिस्टरला करंट कुठल्या बाजूने जाणार ते आधी माहीत लागतं, आणि काळ्या थेंबाच्या आत कुठली लाईन कधी वर कधी खाली जाते ते आपल्याला दिसत नाही.

म्हणून ४०६६. यात चार इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, कंट्रोल पिन हाय केली की दोन पिना आतून जोडल्या जातात, आणि करंट कुठूनही कुठेही जाऊ शकतो. अट एवढीच की आयसीची आणि खेळण्याची पॉवर एकच पाहिजे. खेळणं तीन सेलवर, म्हणजे साडेचार व्होल्टवर चालत होतं, सीमॉस आयसी तीन व्होल्टपासून चालतात, प्रश्न नाही.

एक शंका होती. कमी व्होल्टेजला ४०६६ चा स्विच लागला तरी आत काही शे ओहमचा रेझिस्टन्स राहतो, सेल उतरले की तो अजून वाढतो. खेळण्याला हे बटण दाबल्यासारखं वाटेल का? इथे मी एक गोष्ट बरोबर केली. सोल्डर करण्याआधी एक पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) घेतला, 'सा' च्या दोन लाईनींमध्ये लावला आणि हळूहळू रेझिस्टन्स वाढवत बटण ओळखलं जातंय का बघितलं. दहा हजार ओहमपर्यंत पियानो बिनतक्रार वाजत होता. रबरी पॅडचा कार्बन स्वतःच काही फार चांगला कंडक्टर नसतो, त्यामुळे बनवणाऱ्याने तेवढी सूट ठेवलेली असते. पाच मिनिटांची टेस्ट, पण यामुळे पुढचे दहा संशय मिटले.

कार्बनच्या ठिपक्यावर सोल्डर बसत नाही, हेही सांगून ठेवतो. जिथे ट्रॅकवर हिरवा रंग आहे तिथे ब्लेडने हलकेच खरवडून, तांबं दिसलं की फ्लक्स लावून, बारीक रिबीन वायर चिकटवायची आणि वर गरम गोंदाचा ठिपका, नाहीतर वायर हलली की ट्रॅकच उपटून हातात येतो.

तिसरा टप्पा: दिवे धावतात, आवाज नाही

तेराव्या दिवशी बोर्ड तयार. ५५५ आयसीचा क्लॉक, ४०१७, आठ आउटपुटना आठ एलईडी २२० ओहम लावून, तिथूनच वायरी ४०६६ ला. सेल घातले. दिवे काय सुंदर धावले. आवाज शून्य.

सायलीचं मत पडलं की ४०६६ खराब आहे. तपकीर गल्लीतल्या ज्या दुकानातून मी गेली वीस वर्षं सामान घेतो तिथे दुसरा आणायला गेलो तर काउंटरवरचे दादा म्हणाले, "साहेब, आयसी जात नाही हो इतक्या सहज. मीटर लावला का?" लाज वाटली, कारण मीटर लावला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगत आलोय.

घरी येऊन लावला. ४०१७ चं आउटपुट हाय असताना साडेचारच्या आसपास पाहिजे, दिसत होते दोन व्होल्ट आणि थोडं वर. एलईडीच त्याला खाली ओढत होता. ४०१७ नऊ-बारा व्होल्टवर असेल तर एलईडी कसाबसा ओढतो, साडेचार व्होल्टवर त्याच्यात तेवढा दमच नसतो. एलईडीला दोन व्होल्ट पुरतात म्हणून तो लागतो, पण ४०६६ च्या कंट्रोल पिनला पॉवरच्या साधारण सत्तर टक्के, म्हणजे तीन व्होल्टच्या वर लागतं. दिवा लागला म्हणजे सिग्नल आहे असं आपण धरून चालतो आणि इथेच फसतो. एक एलईडी उपटला आणि त्या स्टेपला लगेच बेडूक ओरडला.

उपाय साधा, प्रत्येक एलईडीला एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, बेसला ४७ के (के म्हणजे हजार ओहम). आता ४०१७ वर लोड जवळजवळ नाही. आठ ट्रान्झिस्टर वाढले आणि एक संध्याकाळ गेली.

चौथा टप्पा: गाय एकदाच का ओरडते

हा माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

आठही स्टेप वेगवेगळ्या आवाजांना असतील तर सगळं नीट. पण स्टेप एक आणि दोन दोन्ही गायीला जोडल्या की गाय एकदाच ओरडायची. तीन स्टेप लावल्या तरी एकदाच. सायलीला हवं होतं हम्मा, हम्मा, हम्मा, आणि मिळत होता एक हम्मा आणि मग शांतता.

मी क्लॉक बघितला, डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) बघितले, दोन दिवस चुकीच्या जागी शोधत होतो. शेवटी सायलीच म्हणाली, पट्टीवर बोट ठेवून, "काका, मी दाबून धरलं तरी एकदाच वाजतं. परत वाजवायला बोट उचलावं लागतं ना."

बस. आमचं सर्किट बोट उचलतच नव्हतं. ४०१७ एका स्टेपवरून दुसरीवर जातो तेव्हा मध्ये फट नसते, पहिलं आउटपुट खाली आणि दुसरं वर जवळजवळ एकाच क्षणी, आणि दोन्ही एकाच स्विचला जोडलेले असले की खेळण्याच्या दृष्टीने बटण दाबलेलंच राहतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक अडचणीला एकच प्रश्न विचारायचो, इथे बोटाने काय केलं असतं.

फट पाडायचे दोन मार्ग होते. एक, आठही आउटपुटना क्लॉकबरोबर अँड गेट (दोन्ही इनपुट हाय असतील तरच हाय होणारे) लावायचे, म्हणजे दोन आयसी जास्त आणि वायरिंगचा गुंता. दुसरा मार्ग रात्री झोपताना सुचला: प्रत्येक स्टेप कशाला तोडायची, सगळ्यांची सामाईक लाईन तोडली की झालं. एका ओळीतल्या सगळ्या बटणांची आडवी लाईन एकच असते. ४०६६ मध्ये चार स्विच. तीन स्विच तीन आवाजांना द्यायचे, त्या तिघांची एक बाजू एकत्र करायची आणि ती चौथ्या स्विचमधून आडव्या लाईनला न्यायची. चौथ्याची कंट्रोल पिन थेट क्लॉकला. क्लॉक वर गेला की स्टेप पुढे जाते आणि त्याच क्षणी चौथा स्विच लागतो, म्हणजे बोट खाली. क्लॉक खाली आला की चौथा सुटतो, म्हणजे बोट वर. एक आयसी एका ओळीला. आम्ही दोन ओळी घेतल्या, सुरांतले सा, ग, म आणि प्राण्यांतले गाय, बेडूक, कोंबडा. दोन ४०६६, आठ स्विच, एकही वाया नाही. कुत्रा बसला नाही, ग्रुपमध्ये त्यावरून थोडी नाराजी झाली.

दोन स्विच ओळीने आले म्हणजे रेझिस्टन्स दुप्पट, पण आधीची दहा हजार ओहमवाली टेस्ट हाताशी होती म्हणून घाबरलो नाही.

वायरी लावायची पद्धत: प्रत्येक स्टेपमधून एक १एन४१४८ डायोड, पुढे लांब वायर आणि बनाना प्लग, प्रत्येक आवाजाची सॉकेटं एका रांगेत, आणि कंट्रोल पिनपासून ग्राउंडला, म्हणजे सेलच्या मायनसला, १०० केचा रेझिस्टर. डायोड नसेल तर गायीच्या सॉकेटला लावलेल्या दोन स्टेपची आउटपुटं आपापसात भांडतात, एक वर ओढतं एक खाली. रोटरी स्विचचा विचार केला होता पण आठ स्विच घ्यायचे म्हणजे बजेट तिथेच संपलं असतं, आणि लाल-काळ्या लोंबत्या वायरी स्टेजवर जास्त चांगल्या दिसतात असं दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं.

पाचवा टप्पा: सेल, क्लॉक आणि आवाज खाली आणणं

हे पटकन सांगतो. टेबलवर पाच व्होल्टच्या सप्लायवर उत्तम चालणारं यंत्र सेलवर तासाभरात अडखळायला लागलं. कारण साधा ५५५ साडेचार व्होल्टच्या खाली चालायची हमी नाही, आणि तीन सेल जरा उतरले की आपण त्याच्या खालीच. शिवाय तो आउटपुट बदलताना पॉवर लाईनवर झटका मारतो, तो स्पीकरमध्ये टिकटिक म्हणून ऐकू येत होता. त्याच पिनांचा सीमॉस भाऊ, ७५५५, दोन व्होल्टपासून चालतो. आयसी बेस लावलेला होता म्हणून जुना उपटला, नवा बसवला, वर १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर पॉवरवर, काम झालं. क्लॉकची किंमत ज्यांना हवी त्यांच्यासाठी: १० के, मग १०० केचा पॉट आणि त्याच्याबरोबर ओळीत १० के, कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरड. सेकंदाला साधारण सव्वा ते दहा स्टेप मिळतात.

आता गंमत. खेळण्याच्या क्लॉकच्या रेझिस्टरच्या जागी एक मेगचा, म्हणजे दहा लाख ओहमचा, पॉट लावला होता (ओळीत ६८ के, कारण पॉट पूर्ण शून्यावर गेला की चिप इतकी पळते की हँग होते आणि पॉवर तोडल्याशिवाय शुद्धीवर येत नाही). पॉट फिरवला की सगळे आवाज खाली, गाय भुतासारखी, मस्त. पण आवाज खाली आणला आणि सिक्वेन्सर फास्ट ठेवला की मधल्या स्टेप गायब व्हायला लागल्या, आणि दरवेळी वेगळ्या. ज्या क्लॉकवर आवाज निघतो त्याच क्लॉकवर चिप बटणं तपासते, त्यामुळे आवाज मंद केला की तिचं लक्षही मंद होतं. दहा स्टेपच्या स्पीडला आमचं बोट फक्त ६५ मिलिसेकंद खाली आणि ३३ मिलिसेकंद वर असतं, झोपाळू चिपला ते दिसतच नाही.

मी हा दोष धरला आणि पॉटची रेंज कमी करायला निघालो. सायलीने हात धरला. "काका, आजोबा म्हातारा आहे. खेळणं पण विसरतं, बरोबर आहे." ठेवलं तसंच. मला आजही तो दोष वाटतो, पण नाटकात तेच सगळ्यात चांगलं चाललं.

निकाल

चोविसाव्या दिवशी लाकडी खोक्यात बसवून दिला. खर्च दोन्ही खेळणी धरून सतराशेच्या आसपास, त्यात सगळ्यात महाग बनाना प्लग आणि सॉकेटं.

थिएटरवर ऐन वेळी एक नवीन प्रश्न आला. स्पीकरच्या दोन वायरी काढून मिक्सरला द्यायच्या असं सायलीने ठरवलं होतं. तिथला साऊंडवाला म्हणाला, "ताई, असली नागडी वायर माझ्या मिक्सरला लागणार नाही," आणि तो शंभर टक्के बरोबर होता. असल्या खेळण्यांत बऱ्याचदा स्पीकरची दोन्ही टोकं चिप चालवते, एकही टोक ग्राउंड नसतं, एक टोक मिक्सरच्या ग्राउंडला गेलं की चिपचं आउटपुट शॉर्ट. हे आम्ही विचारातच घेतलं नव्हतं. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून सुटलं असतं, पण तो घरी आणि आम्ही थिएटरवर. शेवटी खोक्याच्या स्पीकरसमोर माइक धरला. थोडा प्लास्टिकचा खडखडाट आला, चालून गेलं.

प्रयोगात आजोबाने पाच वेळा वायरी बदलल्या. चौथ्या वेळी घाईत पिच तळाला गेला, चिप पार गोंधळली आणि बेडूक अडकला, एकच लांब डरावऽऽ. त्या पोराने न घाबरता पॉवर तोडणारं रीसेटचं बटण दाबून धरलं (दोन सेकंद धरावं लागतं, कपॅसिटर रिकामा व्हायला वेळ लागतो, हे त्याच्याकडून वीस वेळा करून घेतलं होतं) आणि प्रेक्षकांना तो स्क्रिप्टचाच भाग वाटला. पहिली फेरी पार झाली. दुसरीत नाही, पण त्यात खेळण्याचा दोष नव्हता.

परत करायचं झालं तर

खेळणी एकदम तीन घ्यायची आणि तिन्ही उघडून आतली पट्टी एकच आहे का ते बघायचं. एक शोधायला, एक कामाला, एक राखीव. आमचे आठ दिवस निव्वळ इथे गेले.

आर्डुइनोबद्दल माझं मत थोडं बदललंय. फट पाडणं, स्टेप किती लांब किती आखूड ठेवायची, आवाज खाली आणला की सिक्वेन्सर आपोआप हळू करणं, हे सगळं प्रोग्राममध्ये तासाभरात झालं असतं, आणि ४०६६ पुढे तसेच राहिले असते. ज्याला फक्त वापरायचंय त्याने तोच रस्ता घ्यावा. पण ४०१७ घेतला म्हणून सायलीला प्रत्येक वायरीत काय जातंय ते मीटरवर दिसलं, आणि "बोट उचलावं लागतं ना" हे वाक्य त्यातूनच आलं असं मला वाटतं. प्रोग्राम असता तर मी एकटाच स्क्रीनकडे बघत बसलो असतो आणि ती चहा करत बसली असती.

एलईडी सर्किट आधी एका स्टेपचं करून बघायचं, आठचं एकदम नाही. आठ वेळा केलेली चूक आठ वेळा काढावी लागते, माझ्या मानेला विचारा.

आवाज बाहेर कसा काढायचा हे पहिल्या दिवशी ठरवायचं, शेवटच्या नाही, आणि थिएटरच्या साऊंडवाल्याला आधी फोन करायचा. ट्रान्सफॉर्मर नंतर बसवला, आता खोक्याला मागे रीतसर जॅक आहे.

परवा सायलीचा जुन्या बाजारातून फोन आला. "काका, इथे एक बोलणारा टेलिफोन आहे, आकडे म्हणतो, घेऊ का?" म्हटलं किती आहेत त्याच्याकडे. म्हणाली चार. म्हटलं मग तीन घे, आणि जमलं तर तिथेच मागचे स्क्रू काढून आतल्या पट्ट्या जुळतात का बघ. पलीकडून विक्रेत्याचा आवाज ऐकू आला, "ओ ताई, घ्यायचं असेल तर घ्या, उघडायचं नाय!"